रिकाम्याचं वजन

पाइपातला गॅस कन्नमवार नगरात
आमच्या बिल्डिंगला सगळ्यांच्या शेवटी आला.
जिन्यात मीटर बसला, भिंतीला भोक पडलं,
आणि मंगळवारी दुपारी झहीर मुकादम,
वय असेल तेवीस, पाठीवर सॅक,
आमची शेगडी ओट्यावर उताणी करून बसला.

उताणी शेगडी मी कधी नीट पाहिली नव्हती.
उतू गेलेलं सगळं दूध
तिच्या पोटाला चिकटून काळं झालेलं.
मला लाज वाटली. तो काही बोलला नाही.
पान्याने पितळेचा एक दाणा सोडवला,
माझ्या तळहातावर ठेवला.
काकू, हा सिलिंडरचा जेट. उजेडाकडे धरा.

धरला.
सुईच्या नेढ्याहून बारीक भोक,
आणि त्यातून एकतीस वर्षं चार माणसं जेवली.

सिलिंडरचा गॅस जोराने येतो, तो म्हणाला,
त्याला एवढीशी वाट पुरते.
पाइपातला सावकाश येतो, त्याला मोठी लागते.
जुन्या जेटवर पेटवलात
तर ज्योत नुसती मिणमिणेल,
डाळ शिजता शिजायची नाही.

हे खुर्चीत बसून ऐकत होते.
ह्यांनी बावीस वर्षं सिलिंडर वाहिले,
विक्रोळीपासून भांडुपच्या टेकडीपर्यंत.
जिन्याच्या तोंडाशी बायका ओरडायच्या,
धोंडू, चौथा माळा!
डाव्या खांद्यावर गोणपाटाची घडी.
तो खांदा अजून बोटभर खाली आहे,
शर्ट शिवताना मी टेलरला आठवण करते.

वरची खिडकी उघडी ठेवा, झहीर म्हणाला,
हा गॅस हलका, वर जातो.
आमचा खाली बसायचा, हे म्हणाले.
आमचा, म्हणाले.
वास आला की आम्ही ओणवे व्हायचो,
उंबऱ्याशी नाक लावायचो.
आता वर बघायचं, काका.
तो हसला. हे हसले नाहीत.

मग सांध्यांना साबणाचा फेस.
एक बुडबुडा धरायला तिघंही वाकलो,
एकही आला नाही.
काडी ओढली.
ज्योत आधी पिवळी, पिंजारलेली,
झोपेतून उठवल्यासारखी.
त्याने खालची हवेची पट्टी पाव वळसा फिरवली,
जराशी मागे घेतली,
ती निळी झाली आणि गप्प झाली.
इतक्या वर्षांची ती फुसफुस गेली.
मी दोनदा वाकून बघितलं, विझली तर नाही.

जुने जेट टाकू नका, जाताना म्हणाला,
शेगडी गावाला नेलीत तर बदलून लावता येतील.
दोन्ही मी बटणांच्या डब्यात ठेवले.
गावाला आता कोण आहे, ते त्याला सांगितलं नाही.

रात्री हे सवयीने ओट्याखाली वाकले,
रेग्युलेटर बंद करायला.
सिलिंडर तर गॅलरीत नेऊन ठेवलेला.
फरशीवर गंजाचं एक कडं उरलंय,
त्यात हात टेकून तसेच बसले थोडा वेळ.
मी म्हटलं, काय शोधताय?
म्हणाले, काही नाही, गुडघा धरला.

शनिवारी एजन्सीचा पोरगा आला सिलिंडर न्यायला.
काट्याला लावू लागला तर ह्यांनी थांबवला.
पेराने पत्र्यावर ठोकलं, वरून खाली,
कान देऊन, जसं कलिंगड घेताना.
जिथे आवाज बसला तिथे बोट ठेवलं.
साडेचार किलो आहे आत, म्हणाले.
रिकाम्याचं वजन गळ्यावर लिहिलंय,
वजा कर आणि बघ.

पोराने काटा लावला, मोबाइलवर वजाबाकी केली.
चार किलो चारशे, काका. शंभर ग्रॅमने चुकलात.

ह्यांनी काटा हातात घेतला,
उलटा केला, सुलटा केला,
परत दिला.
तुझ्या मालकाला सांग, म्हणाले,
हा काटा बदल.